ताटव्यातील शेजार

शाळेच्या स्नेहसंमेलनाला येणारा माजी विद्यार्थी सहसा रिकाम्या हाताने येत नाही. कोणी वाचनालयासाठी पुस्तके आणतो, कोणी वसतिगृहासाठी चादरी आणतो, आणि अलीकडे पुष्कळ जण रोप घेऊन येतात. रोप आणणे कमी खर्चाचे आहे आणि त्यात आपुलकीही आहे. मात्र ते लावायचे कोठे, हा प्रश्न रोप हाती आल्यानंतरच सुचतो आणि त्याचे उत्तर बहुधा ‘जेथे जागा मोकळी दिसेल तेथे’ असे दिले जाते. या उत्तराने किती रोपे गमावली, याचा प्रस्तुत लेखक साक्षीदार आहे, आणि काही अंशी अपराधीही आहे.

काही वर्षे शाळेच्या बागेची देखरेख माझ्याकडे होती. सभागृहासमोर सुमारे चाळीस फूट लांब आणि पाच फूट रुंद अशी एक पट्टी आम्ही खणून तयार केली. जानेवारीतील संमेलनात आलेली सर्व रोपे तीत ओळीने लावली. कर्दळ, सदाफुली, सोनटक्का, कोरफड, शेवंती, कोरांटी, पेंटकूळ, गुलाब असे नाना प्रकार होते. प्रत्येकाच्या मुळाशी दात्याच्या नावाची पाटी होती. फेब्रुवारीत ती पट्टी पाहून पाहुणे थांबत असत. मे महिन्यात मुले घरी गेली. चौकीदाराने प्रामाणिकपणे एक दिवसाआड पाणी दिले, आणि सर्वांना सारखेच दिले. विदर्भातील मे महिना म्हणजे काय, हे वाचकांना सांगावयास नको. सोनटक्का कंदासह सुकला, कर्दळीची पाने कागदासारखी करपली, गुलाबाच्या काड्या उरल्या. सदाफुली, कोरांटी व कोरफड मात्र तरली, म्हणून आम्ही थोडे सुखावलो. पुढे जुलैत पाच-सहा दिवस झड लागली. पट्टीच्या खोलगट टोकाला पाणी साचून राहिले, आणि उन्हाळ्यातून वाचलेली सदाफुली व कोरफड मुळाशी कुजून आडवी झाली. तहानलेल्यांना मे महिन्याने नेले आणि कोरडे राहू इच्छिणाऱ्यांना जुलैने नेले.

त्या दिवसांत मुलाला भेटावयास आलेल्या एका पालक मातेने ती जागा पाहिली. त्या स्वतः कापूस पिकवणाऱ्या. त्या म्हणाल्या, “सर, इथं पाणी धरते. ह्या जाग्यात पऱ्हाटी टिकत नाही, तर हे नाजूक झाड कसं टिकंन?” कृषिविषयक चार पुस्तके वाचूनही जे माझ्या ध्यानात आले नव्हते, ते त्यांनी उभ्या उभ्या सांगितले. दोष उन्हाचा नव्हता आणि पावसाचाही नव्हता. आम्ही शेजार चुकीचा निवडला होता.

एकदा लावले की अनेक वर्षे टिकणाऱ्या, कंदातून अथवा खोडाच्या बुडख्यातून पुन्हा पुन्हा फुटणाऱ्या झाडांना वनस्पतिशास्त्रात बहुवर्षायू म्हणतात. अशा झाडांचा ताटवा रचताना पहिला विचार रंगाचा नसून मुळांचा असतो. एका वाफ्यात शेजारी राहणाऱ्या झाडांना एकच माती, एकच पाणी आणि जवळजवळ एकच ऊन मिळणार असते. म्हणून ज्यांची गरज सारखी, त्यांनाच शेजारी करावे. हे तत्त्व साधे आहे, परंतु रोप विकत घेताना आपण त्यावरील फूल पाहतो आणि फूल पाहिले की मुळाचा विसर पडतो.

आपल्याकडील काळी माती हा या विषयातील मोठा पक्षकार आहे. ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि त्या भेगांतून कोवळी मुळे अक्षरशः तुटतात. पावसाळ्यात तिच्यातील निचरा मंद होतो. शिवाय ती बऱ्याच ठिकाणी चुनखडीयुक्त असते. त्या जानेवारीत कोकणात नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने प्रेमाने आणलेले पेंटकूळ वर्षभरात पिवळे पडले. पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, असे त्याचे रूप झाले होते. कोकणच्या आम्लधर्मी जांभ्या मातीत सुखाने वाढणाऱ्या या झाडाला चुनखडीच्या मातीतील लोह घेता येत नाही. त्यावर औषधे फवारता येतात, परंतु दर महिन्याला औषध मागणारे झाड शाळेच्या बागेत ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या वर्षी आम्ही एकच पट्टी करण्याचा हट्ट सोडला. न्हाणीघराचे पाणी जेथून वाहते, त्या चरालगत ओली पट्टी केली. तेथे कर्दळ मागे व वाळा दोन्ही टोकांना लावला. कर्दळीला पाय ओले चालतात, किंबहुना आवडतात. साबणाचे थोडे पाणीही ती मुकाट्याने सोसते. वाळ्याचे वैशिष्ट्य असे की त्याची मुळे सरळ खाली, कित्येक फूट खोल जातात. त्यामुळे तो शेजाऱ्याच्या वरच्या थरातील अन्नात फारसा वाटा मागत नाही, आणि चराची माती वाहून जाण्यापासून धरून ठेवतो. पाणी साचले तरी तो जगतो आणि आटले तरी जगतो. भिंतीच्या सावलीत, जेथे दुपारचे ऊन पोहोचत नाही, तेथे सोनटक्का पुन्हा लावला, आणि या वेळी तो टिकला. याच चरात अळूही उत्तम येते, परंतु न्हाणीच्या पाण्यावरचे अळू स्वयंपाकघरात नेऊ नये. ते केवळ पानांच्या शोभेसाठी असावे, आणि तसे स्वयंपाकघरात बजावून ठेवावे.

सभागृहासमोरील मूळ पट्टी मात्र उंच केली. मातीत मुरूम व शेणखत मिसळून वाफा जमिनीपासून सुमारे नऊ इंच वर घेतला. या कोरड्या पट्टीत मागे अडुळसा, मध्ये कोरांटी आणि पुढे सदाफुली व कोरफड, अशी योजना केली. ही सर्व मंडळी पहिले वर्ष जोपासली की पुढे फार थोड्या पाण्यावर उन्हाळा काढतात. चौकीदाराचा अर्धा वेळ वाचला. तो त्याने ओल्या पट्टीला दिला, म्हणून तीही वाचली.

या दोहोंच्या मध्ये, म्हणजे नियमित पण बेताचे पाणी मागणाऱ्या झाडांसाठी, कार्यालयाच्या पायऱ्यांलगतचा वाफा राखला. निशिगंध, शेवंती, अबोली आणि गवती चहा यांची ती जागा. निशिगंधाच्या मुळांना सूत्रकृमींचा उपद्रव होतो. त्यावर झेंडूचा शेजार उपयोगी पडतो, कारण झेंडूच्या मुळांतील द्रव्ये त्या कृमींना बाधक असतात. झेंडू एका हंगामाचा पाहुणा आहे, बहुवर्षायू नाही. तरीही काही पाहुणे घराचे भले करून जातात.

मुळे जुळल्यानंतर ऋतूंचा हिशेब येतो. या बाबतीत इंग्लंडमधील गर्ट्रूड जेकील या बाईंचे स्मरण उचित ठरेल. त्यांचा काळ १८४३ ते १९३२. चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतलेल्या जेकील यांची दृष्टी अधू होत गेली, तेव्हा त्या बागकामाकडे वळल्या. सरे परगण्यातील मन्स्टेड वुड येथील त्यांच्या घरी सुमारे दोनशे फूट लांब आणि चौदा फूट रुंद ताटवा होता. १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी त्याची रचना सविस्तर मांडली. बहुवर्षायू झाडांच्या ताटव्याची जी कल्पना आज जगभर प्रचलित आहे, तिच्यावर या बाईंचा ठसा मोठा आहे. त्यांच्या रंगयोजनेची चर्चा पुष्कळ होते. मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांची दुसरी युक्ती. डेल्फिनियम नावाच्या उंच झाडाचा निळा बहर ओसरला की त्याची जागा उजाड दिसते. म्हणून त्या त्याच्या मागे पांढऱ्या फुलांचा, वाटाण्याच्या कुळातील एक बहुवर्षायू वेल लावत आणि बहर संपताच तो वेल त्या वाळलेल्या दांड्यांवर ओढून घेत. त्याचाही बहर सरला की त्यावर क्लेमॅटिस नावाचा जांभळा वेल येई. एकाच जागेवर तिघे पाळीपाळीने फुलत. शेजार निवडणे म्हणजे एकाच वेळी सुंदर दिसणारी दोन झाडे निवडणे, एवढाच अर्थ नाही. एक विश्रांती घेत असताना दुसऱ्याने जागा सांभाळणे, हाही शेजारच होय.

ती झाडे थंड देशाची आहेत. विदर्भात आणून लावण्याचा खटाटोप कोणी करू नये. युक्ती मात्र येथेही लागू पडते. आपल्याकडे विश्रांतीचा काळ हिवाळा नसून उन्हाळा आहे, एवढाच फरक. पावसाळी लिलीचे कंद कोरांटीच्या झुडपांमधील मोकळ्या जागेत पुरून ठेवावेत. उन्हाळ्यात तेथे काही आहे, याची खूणही दिसत नाही. पहिला दमदार पाऊस झाला की काही दिवसांत तीच जागा गुलाबी फुलांनी भरते, आणि हे नेमके मुले शाळेत परतण्याच्या सुमारास घडते. पावसाळा सरताना लिलीचा जोर ओसरतो, तेव्हा कोरांटीला कळ्या धरू लागतात आणि ऑक्टोबरपासून थंडीपर्यंत तिचा बहर चालतो. गुलबक्षी हे असेच पावसाळ्याचे झाड आहे. दुपारी चारच्या सुमारास, म्हणजे वर्ग सुटण्याच्या वेळी, तिची फुले उघडतात. तिचा पसारा वाढू लागला की शेजारी शेवंतीच्या काश्या लावलेल्या असाव्यात. गुलबक्षी मागे सरताच शेवंती पुढे येते.

शेवंतीबद्दल एक अनुभव सांगणे अगत्याचे आहे. कार्यालयाच्या वाफ्यातील शेवंती डिसेंबरात पिवळीधमक झाली. परंतु व्हरांड्याच्या दिव्याखाली असलेली चार रोपे हिरवीगार राहिली, त्यांना कळीही धरली नाही. खत तेच आणि पाणीही तेच. कारण पुढे उमगले. शेवंतीला रात्र लांबल्याची जाणीव झाली तरच ती फुलावर येते. रात्रभर जळणारा दिवा तिच्यासाठी रात्र होऊच देत नाही. वसतिगृहात सुरक्षिततेसाठी दिवा हवाच. तेव्हा दिव्याखाली अबोली अथवा तगर लावावी आणि शेवंतीला अंधाराची जागा द्यावी.

निवासी शाळेच्या बागेला आणखी एक बंधन असते, ते म्हणजे वेळापत्रकाचे. मे महिन्यात मातीतून एकच दांडा वर येऊन त्यावर तांबड्या चेंडूसारखे फूल उमलवणारी एक लिली आहे, तिला लोक ‘मे फ्लॉवर’ म्हणतात. फूल अपूर्व आहे. पण आपल्या येथे ते पाहावयास चौकीदाराखेरीज कोणी नसते. ती आम्ही काढून शाळेपासून जवळच राहणाऱ्या एका पालकांच्या अंगणात दिली. याउलट सोनटक्का, निशिगंध आणि तगर ही पांढरी झाडे वसतिगृहाच्या खिडक्यांलगत असावीत. मुले तेथे संध्याकाळनंतरच असतात. त्या वेळी तांबडा रंग अंधारात विरतो, पांढरा रंग दिसत राहतो, आणि सोनटक्का व निशिगंध यांचा दरवळ आतपर्यंत येतो.

आता रंगांविषयी थोडेसे. फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल हे गोबलँ येथील राजकीय विणमाग कारखान्यात रंगविभागाचे प्रमुख होते. काळा रंग फिका दिसतो, अशी तेथे तक्रार होती. त्यांनी शोध घेतला तेव्हा रंगात खोट आढळली नाही. शेजारच्या धाग्यांच्या रंगामुळे काळा तसा भासत होता. त्यावरील त्यांचा ग्रंथ १८३९ साली प्रसिद्ध झाला. रंग कसा दिसतो, हे त्याच्या शेजाऱ्यावर अवलंबून असते, हा त्याचा मथितार्थ. अबोलीचा नारिंगी एकटा सौम्य वाटतो. त्यामागे जांभळट निळ्या फुलांची कोरांटी ठेवली की तोच नारिंगी उजळून निघतो, आणि निळाही अधिक गडद होतो. दोन्ही झाडांना अर्धवट सावली चालते, म्हणून ही जोडी दिसण्यापुरती नाही, निभण्यासारखीही आहे. तांबडी कर्दळ आणि गुलाबी सदाफुली ही जोडी मात्र मला रुचत नाही, आणि सुदैवाने त्यांची पाण्याची गरजही जुळत नाही.

फूल वर्षातील काही आठवडे असते, पान मात्र पुष्कळ काळ समोर असते. त्यामुळे पानांचा आकार पाहणे अधिक शहाणपणाचे. निशिगंध गवती चहाच्या शेजारी लावला तेव्हा दोन्हींची पाती एकमेकांत मिसळून गेली आणि निंदणी करणाऱ्या मुलांनी निशिगंध गवत समजून उपटला. पुढे तो बुटक्या, रुंद पानांच्या कर्दळीपुढे लावला. वाफ्याच्या त्या टोकाला नळ असल्याने तेथे ओल अधिक राहते, म्हणून कर्दळीचेही भागते. रुंद पानासमोर बारीक पाते आणि झुडपासमोर सरळ दांडा, अशी विषमता असली की फुलाविनाही वाफा नीट दिसतो. उंच झाडे शक्यतो उत्तर बाजूस असावीत, म्हणजे हिवाळ्यातील कलते ऊन बुटक्यांना मिळते. आणि एकेक रोप सुटे लावण्यापेक्षा एका जातीच्या पाच-सात रोपांचा पुंजका करावा. दात्यांच्या नावांच्या पाट्या लावल्यामुळे आम्हाला हे प्रारंभी करता आले नाही. प्रत्येकाला आपले झाड वेगळे हवे होते.

काही शेजारी मात्र मुलांच्या वस्तीत मुळीच नसावेत. कण्हेर शाळाशाळांच्या कुंपणाला दिसते, कारण ती पाण्याविना जगते आणि जनावरे तिला तोंड लावत नाहीत. जनावरे का टाळतात, याचा विचार केला पाहिजे. तिचे सर्व भाग विषारी आहेत. पिवळ्या कण्हेरीची फळे, ज्यांना आपण बिट्ट्या म्हणतो, त्यांच्याशी आपल्यापैकी अनेक जण लहानपणी खेळले असतील. त्यांतील बी खाल्ल्यास हृदयाची गती बिघडून मृत्यू ओढवू शकतो. कळलावीचे फूल जितके देखणे तितकाच तिचा कंद घातक आहे. सहा-सात वर्षांची मुले आईवडिलांपासून दूर येथे राहतात. त्यांच्या हाताच्या अंतरावर ही झाडे लावण्याचा अधिकार आपल्याला नाही, मग दाता कितीही आदरणीय असो. कुंपणासाठी अडुळसा आहे. त्यालाही शेळ्या तोंड लावत नाहीत, आणि हिवाळ्यात पांढरी फुले येतात. मूळची मादागास्करची असलेली सदाफुली आम्ही ठेवली आहे. तिच्यापासून रक्ताच्या कर्करोगावरील औषधे बनतात, हे खरे. पण म्हणूनच तिची पाने काढा करून घेण्याची वस्तू नव्हे. गुलबक्षीच्या काळ्या बियाही तोंडात घालावयाच्या नाहीत. नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात या दोन्ही झाडांपाशी नेऊन हे सांगितले जाते.

आपल्या प्रांगणातील बोधिवृक्षाखाली फुलझाडे लावावीत, अशी सूचना दरवर्षी येते. सूचनेमागील भावना समजते, परंतु पिंपळाच्या सावलीत आणि त्याच्या मुळांच्या जाळ्यात ताटवा तग धरत नाही. आळी करण्यासाठी खणले तर मुळांना इजा होते, आणि रोज पाणी घातले तर मुळे पाराच्या चिऱ्यांकडे अधिकच धावतात. ती जागा झाडून स्वच्छ ठेवावी, हेच योग्य. पानगळीच्या दिवसांत तेथे साचणारा पाला मात्र आम्ही पोत्यांत भरतो आणि एप्रिलमध्ये तिन्ही वाफ्यांवर चार बोटे जाडीचे आच्छादन करतो. मे महिन्यात जे तगते, त्यातील निम्मे श्रेय या पाल्याचे आहे.

शेवटी रोप आणणाऱ्यांसाठी. संमेलन जानेवारीत असते, आणि जानेवारीत लावलेल्या रोपाला मूळ धरावयास जेमतेम तीन महिने मिळतात, मग उन्हाळा गाठतो. म्हणून संमेलनात रोपाऐवजी नाव नोंदवावे. कोणत्या वाफ्यात काय हवे आहे, त्याचा नकाशा कार्यालयात लावलेला असतो. रोप अथवा कंद जूनच्या अखेरीस, दोन चांगले पाऊस झाल्यावर पाठवावा. निशिगंधाचे कंद मात्र त्याआधी, एप्रिलपर्यंत पोहोचावेत. त्याच जून महिन्यात कर्दळीचे दाटलेले गड्डे आम्ही दर दोन-तीन वर्षांनी काढून विभागतो, आणि निम्म्याहून अधिक उरतात. ज्यांच्या घरामागे मोरीचे पाणी वाहते त्यांनी ते अवश्य घेऊन जावेत. सोबत जाड पोते आणावे. गड्डे चिखलाने माखलेले आणि अंदाजापेक्षा जड असतात.